बोस्निया : 'ताबा', 'खालसा' की 'विलीनीकरण'?

प्रश्न

पहिल्या महायुद्धाआधीच्या बाल्कन प्रदेशावर शाळकरी मुलांसाठी लेख लिहिते आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया-हर्झेगोविना १८७८ साली घेतला आणि १९०८ साली पुन्हा घेतला, असं विचित्र वाक्य तयार होतंय. दोन्हीकडे 'कब्जा' लिहिलं तर मुलं विचारणारच, हातात असलेलं परत कसं घेतलं? दोन वेगळे शब्द सुचवाल का? 'विलीनीकरण' चालेल?

प्रतिसाद १

दोन शब्द हवेतच. एकच शब्द वापरला तर १९०८ साली शेजारचा सर्बिया एवढा का खवळला, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

१८७८ च्या बर्लिन तहाच्या २५व्या कलमाने ऑस्ट्रिया-हंगेरीला बोस्नियात सैन्य ठेवायला आणि कारभार करायला मुभा दिली. मालकी कागदोपत्री तुर्की सुलतानाचीच राहिली. पुढच्या वर्षीच्या करारात तर असंही ठरलं की मशिदींतल्या सार्वजनिक प्रार्थनेत सुलतानाचं नाव घेतलं जाईल, आणि जिथे मिनारांवर तुर्की निशाण लावायची चाल आहे तिथे ती पाळली जाईल. म्हणजे महसूल गोळा करणारा अंमलदार व्हिएन्नाचा, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजधानीचा, आणि मिनारावरचं निशाण इस्तंबूलचं. आपल्याकडे १८५३ नंतरच्या वऱ्हाडाची अवस्था याच्या बरीच जवळची होती : कारभार इंग्रजांचा, नाव निजामाचं. या स्थितीला 'ताबा' हा शब्द चपखल बसतो. ताबा आणि मालकी यांतला फरक सात-बारा पाहिलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

हा फरक नुसता कागदी नव्हता. १८८१ साली व्हिएन्नाने बोस्नियात सक्तीची लष्करभरती लागू केली. सुलतानाच्या रयतेला दुसऱ्याच्या फौजेत कसं ओढता, या संतापातून पुढच्याच वर्षी हर्झेगोविनात उठाव झाला, आणि त्यात सर्ब आणि मुसलमान दोघेही होते.

'विलीनीकरण' मात्र नको. मराठी वाचकाला त्या शब्दासरशी संस्थानं आठवतात, राजाने सही केलेला सामीलनामा आठवतो. १९०८ च्या ऑक्टोबरात सम्राट फ्रान्झ जोसेफने जाहीरनामा काढून बोस्निया आपल्या राज्यात घेतला, तेव्हा बोस्नियातल्या कुणालाही विचारलं नव्हतं.

प्रतिसाद २

मग १९०८ साठी सरळ 'खालसा केला' म्हणा. जोरदार शब्द आहे, बळजबरीही त्यात येते.

प्रतिसाद ३

'खालसा'बद्दल मला शंका आहे. सातारा, नागपूर, झाशी खालसा झाली तेव्हा तिथल्या गाद्या गेल्या. बोस्नियाला स्वतःची गादीच नव्हती. तो सुलतानाचा एक प्रांत होता, आणि सुलतानाने १९०९ च्या फेब्रुवारीत २५ लाख तुर्की लिरा घेऊन हक्क सोडला. मी 'आपल्या राज्याला जोडला' असं लिहीन. सपक वाटेल, पण खोटं नाही.

त्यासोबत 'आत्ताच का?' याचं उत्तरही एका वाक्यात द्या. १९०८ च्या जुलैत 'तरुण तुर्क' या तुर्कस्तानातल्या सुधारणावादी गटाने राज्यघटना परत आणली, संसदेच्या निवडणुका ठरल्या. बोस्निया कागदावर तुर्कस्तानात होता, तेव्हा तिथले प्रतिनिधीही इस्तंबूलला गेले असते! ते नाममात्र निशाण व्हिएन्नाला एकाएकी जड झालं. आणि सर्बियाच्या बाजूने बघा : ताबा आज ना उद्या उठतो अशी आशा असते, तर जोडलेला मुलूख कायमचा गेला. तिथे सर्बांची मोठी वस्ती होती, म्हणून बेलग्रेड पेटलं. रशिया पाठीशी उभा राहील असं वाटत होतं, पण जपानकडून मार खाल्लेल्या रशियाला जर्मनीने १९०९ च्या मार्चमध्ये दटावलं आणि तो मागे सरला. ३१ मार्चला सर्बियाला लिहून द्यावं लागलं की या प्रकरणात आमच्या हक्कांना बाधा आलेली नाही.

प्रश्नकर्ती

'ताबा' आणि 'जोडला' घेते. आता 'वादग्रस्त'. तेव्हा तुर्कांकडे असलेल्या मॅसिडोनियाला 'वादग्रस्त प्रदेश' म्हटलं तर ते आजचं वर्तमानपत्री वाटतं.

प्रतिसाद १

बेधडक लिहा, तो शब्द त्या काळाचाच आहे. १९१२ च्या मार्चमध्ये सर्बिया आणि बल्गेरिया यांनी तुर्कांविरुद्ध जो गुप्त करार केला, त्यात मॅसिडोनियाच्या एका पट्ट्याचा निवाडा रशियाच्या झारवर सोपवला होता. त्या पट्ट्याला दोन्ही भाषांत 'स्पोर्ना झोना' म्हणत, म्हणजे शब्दशः 'वादग्रस्त पट्टा'. त्याच्या दक्षिण-पूर्वेचा भाग निर्विवाद बल्गेरियाचा, असं ठरलं होतं.

प्रत्यक्षात निर्विवाद भागावरूनच लढाई झाली. त्या वर्षीच्या युद्धात तुर्क हरले आणि सर्बियाचं सैन्य एड्रियाटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलं. पण सर्बियाला बंदर मिळू नये म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरी अडून बसला, आणि बड्या राष्ट्रांनी स्वतंत्र अल्बेनिया निर्माण केला. समुद्र गेला, तर त्याची भरपाई मॅसिडोनियात हवी असं सर्बिया म्हणू लागला. बल्गेरिया कराराचा कागद दाखवत राहिला. १९१३ च्या जूनअखेरीस बल्गेरियाने सर्बिया आणि ग्रीस या आपल्याच दोस्तांवर हल्ला केला, रुमानिया आणि तुर्कस्तानही त्याच्यावर तुटून पडले, आणि ऑगस्टमधल्या बुखारेस्टच्या तहात मॅसिडोनियाचा मोठा भाग सर्बिया आणि ग्रीस यांच्याकडे गेला.

एक सूचना : ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया, जर्मनी यांसारख्या देशांना 'महासत्ता' म्हणू नका, तो शब्द अमेरिका-सोव्हिएत काळाचा झालाय. 'बडी राष्ट्रे' बरं.

प्रतिसाद ३

आणि ३१ मार्च १९०९ चं ते लेखी निवेदन लेखातून गाळू नका. साराएवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्यानंतर २३ जुलै १९१४ रोजी व्हिएन्नाने सर्बियाला ४८ तासांचं निर्वाणीचं पत्र दिलं, त्याची सुरुवातच ते निवेदन उद्धृत करून झाली आहे.