सगळीच एका छापाची नाहीत

काही जण म्हणतात की सरकारी वीज कंपन्यांनी कामगारांसाठी बांधलेल्या वसाहती म्हणजे एका छापाची घरं, त्यात वारसा म्हणून जपायचं काय? अमेरिकेतलं नॉरिस बघा. टेनेसी व्हॅली अथॉरिटी या धरणं बांधून वीज बनवणाऱ्या सरकारी संस्थेने १९३३ पासून धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं हे गाव: उताराला धरून वळणारे रस्ते, ओसरीची घरं, बऱ्याच घरांत ऊबसुद्धा विजेची, भोवती राखलेला हिरवा पट्टा. (कृष्णवर्णीयांना मात्र तिथे घर मिळत नसे, वारसा सांगताना हेही सांगायलाच हवं.) १९४८ मध्ये सरकारने अख्खं गाव विकलं, तरी ते टिकलं. लिथुआनियातल्या विसागिनास या शहराचं दुखणं वेगळं. इग्नालिना अणुवीज केंद्रासाठीच ते उभं राहिलं आणि केंद्र २००९ अखेर बंद पडलं. तिथे इमारतींआधी रोजगाराचं बघावं लागतं.