कथेतल्या गावाचा कोश लिहितांनी 'होता' लिहाचं का 'आहे'?

ओलिताचा_माणूस
राजेहो, हसू नका, पण एका गोष्टीत पार अडकून पडलो. आम्ही चार-पाच जण मिळून तीन वर्षांपासून एक कथा लिहून राह्यलो. उलटगाव नावाचं गाव, तिथली नदी पावसाळ्यात उलटी वाह्यते अन् येतांनी जुने मेलेले लोकं बी घेऊन येते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, चार भाग झाले, पाचवा चालू हाये. पात्रं एवढी झाली का कोण कोणाचा साळा हे आम्हालेच आठवत नाही, म्हणून कोश बनवाले घेतला, एकेका पात्राची अन् जागेची नोंद. १३० नोंदी झाल्या अन् काल सगळ्या एकाखाली एक वाचल्या तं डोकंच धरलं. हे पाहा एक:

"भुऱ्या हा उलटगावचा कोतवाल होता. त्याच्याकडे पितळेची घंटा आहे. तिसऱ्या भागात तो पाटलाला नदीवर नेतो. त्याच्या बायकोने आधीच गाव सोडले. सध्या तो तहसीलच्या कोठडीत आहे."

पाच ओळी अन् काळ किती, तुमीच मोजा. वरून माह्या भाच्यानं हे वाचलं अन् फोन केला, "मामा, भुऱ्या मेला का? मी तं दुसऱ्याच भागावर हावो." मेला नाही ना बाप्पा, पण 'होता' वाचून त्याले तसंच वाटलं. मंग कोणता काळ घ्यावा? सगळं 'होता' करू का सगळं 'आहे'?

मास्तरीणबाई_दर्यापूर
भाऊ, तुमच्या गावातलं पोरगं पिक्चर पाहून आलं की स्टोरी कशी सांगतं ते आठवा. "हीरो गरीब असतो, त्याची माय आजारी असते, मग सावकार येतो अन् वावर मागतो." कोणीच "हीरो गरीब होता" म्हणत नाही, आणि "हीरो गरीब आहे" पण म्हणत नाही. 'असतो' म्हणतात. वर्गात पोरांना धड्याचा सारांश लिहायला लावते तेव्हा पण माझं हेच सांगणं असतं. गोष्ट पुस्तकात तशीच पडलेली आहे, जेव्हा उघडाल तेव्हा ती नव्यानं घडते, म्हणून वर्तमानकाळ.

पण नोंदीची पहिली ओळ वेगळी. "भुऱ्या कोतवाल हे उलटगाव कथेतलं पात्र आहे." इथं 'आहे'च पाहिजे, पाचव्या भागात त्याला तुम्ही मारलं तरी. मरतो तो कोतवाल, पात्र कुठं जातं? विकिपीडियावर पण असंच करतात, कथानक वर्तमानकाळात. मालिका बंद होऊन वीस वर्षं झाली तरी "मालिका आहे" असंच लिहितात, प्रसारण मात्र अमुक साली संपलं.

आता तुमच्या बायकोच्या ओळीचं. म्हणजे भुऱ्याच्या बायकोच्या 😄 गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ती गेली ना? मग "बायकोने गाव सोडलेलं असतं". हे 'सोडलेलं असतं', 'गेलेली असते', 'मेलेला असतो' फार कामाचं आहे, मागचं मागं राहतं आणि नोंद वर्तमानातून हलत नाही. "गाव सोडले" लिहिलं की ते तिसऱ्या भागात घडलं की आधी, हे कळतच नाही.

पऱ्हाटी_आणि_कोडिंग
मॅडमशी अर्धा सहमत. 'सध्या तो कोठडीत आहे' ही ओळ बघा, सहाव्या भागात भुऱ्या सुटला की ती खोटी, आणि १३० नोंदींमध्ये असे 'सध्या' शोधत कोण बसणार, कोणीच नाही बसत, मी स्वतः अशा एका कोशात दोन वर्षं काम केलंय आणि अर्ध्या नोंदी शिळ्या झालेल्या पाहिल्यात. भूतकाळात लिहिलं तर ही कटकटच नाही. स्टार ट्रेकवाल्यांचा मेमरी अल्फा नावाचा मोठा कोश आहे, २००३ पासूनचा, तिथं त्या जगातल्या नोंदी भूतकाळात असतात, जणू लिहिणारा त्याच जगातला इतिहासकार आहे आणि सगळं होऊन गेल्यावर बसून लिहितोय. स्टार वॉर्सच्या वुकीपीडियावर पण तसंच. म्हणजे मुद्दा काळाचा नाही, लिहिणारा उभा कुठं आहे त्याचा आहे. उलटगावात उभे असाल तर 'होता'. मोर्शीत बसून मोबाईलवर वाचत असाल तर 'असतो'. एक पाय इकडं अन् एक तिकडं ठेवला की भुऱ्याची नोंद होते.

मास्तरीणबाई_दर्यापूर
इंग्रजीत ते सोपं जात असेल, मराठीत भूतकाळ महाग पडतो हो. "तो गावात येतो, घंटा वाजवतो, पाटलाला उठवतो आणि निघून जातो." एकदा 'तो' म्हटलं की शेवटपर्यंत गाडी चालते. हेच भूतकाळात करा. "तो गावात आला, त्याने घंटा वाजवली, पाटलाला उठवलं आणि निघून गेला." मध्येच 'त्याने' आलं, क्रियापद घंटेच्या मागं गेलं, मग पुन्हा 'तो' गृहीत धरा. दोन ओळींत चालेल, पण चार भागांचं कथानक असं लिहिलं तर कोण काय करतंय ते वाचणाऱ्याला बोट ठेवून शोधावं लागेल. आणि 'सध्या' हा शब्दच काढून टाका, "चौथ्या भागाच्या शेवटी तो कोठडीत असतो" लिहा. कधीच शिळं होत नाही.

पऱ्हाटी_आणि_कोडिंग
हे 'शेवटी असतो' मान्य. माझा मुद्दाच गेला 😅

झाडीपट्टीचा_नाटकवाला
मी वडसाकडचा, नाटकात परदा ओढाले असतो. आमचं बोलणं सोपं, राजा बी येते, राणी बी येते अन् व्हिलन बी येते. 'येतो-येते'चं टेन्शनच नाही 😂 धान निघाले का रातभर नाटक, अन् आमचा प्रॉम्प्टर नव्या पोराले सीन समजावते तो असा, "इथं तू येते, माय पडून असते, तू रडते." भूतकाळात कोणी सीन सांगतला तं नट उभाच राह्यते. तुमी बी वर्तमानच ठेवा भाऊ. पण एक विचारतो, गावातले रिवाज कसे लिहाल? कोतवाल रोज फेरी मारते ते?

मास्तरीणबाई_दर्यापूर
रिवाज चालू असेल तर "मारतो". कथेत बंद पडलेला असेल तर "पूर्वी कोतवाल रोज रात्री फेरी मारत असे", तेवढ्यापुरतं भूतकाळात गेलं तर बिघडत नाही. "फेरी मारी" लिहू नका, कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं.

आणि खरी जागा आली की जपून. तुमच्या कथेत चिखलदरा आहे का? कारण तिथं आधीच एक गोष्ट बसलेली आहे, भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा. तिथं "चिखलदरा अमरावती जिल्ह्यात आहे" हे खरं, "भीमाने कीचकाला टाकलं असं सांगतात" ही आख्यायिका, आणि "भुऱ्या दरीत उतरतो" ही तुमची कथा. तिघांना एकाच सुरात लिहिलं तर एखादं पोरगं भुऱ्याची घंटा शोधत दरीत उतरायचं.

ओलिताचा_माणूस
ताई, चिखलदरा दुसऱ्या भागात हायेच 🙈 अन् कौंडिण्यपूर बी हाये, रुक्मिणीच्या माहेरचं. आमच्या एका भिडूनं नोंदीत लिहून ठेवलं, "रुक्मिणी कौंडिण्यपूरची होती अन् भुऱ्याची आत्या होती." आता हे कोणत्या काळात दुरुस्त करू?

पऱ्हाटी_आणि_कोडिंग
कोणत्याच नाही, डिलीट करा.

ओलिताचा_माणूस
भाच्यासाठी भुऱ्या पुन्हा लिहिला, पाहून घ्या:

"भुऱ्या कोतवाल हे उलटगाव कथेतलं पात्र आहे. त्याच्याकडे पितळेची घंटा असते. त्याच्या बायकोने गाव सोडलेलं असतं. तिसऱ्या भागात तो पाटलाला नदीवर नेतो. चौथ्या भागाच्या शेवटी तो तहसीलच्या कोठडीत असतो."

भाचा म्हणते, "मामा, आता तो जित्ता वाटते, पण कोठडीत जाते हे बी तुमीच सांगून टाकलं." ते मात्र कोणत्याच काळानं सुटत नाही. शेवटच्या दोन ओळीवर 'पुढचं वाचलं असन तंच वाचा' असं टाकून देतो. १२९ राह्यल्या. लाईन रात्री बाराले येते, पाणी फिरेपर्यंत धुऱ्यावर बसून दहा-पंधरा होऊन जातीन.