मॉडेलमध्ये आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता, वॅट प्रति चौ.मी.) १२.२, एक्सेलमध्ये १४. कुठला धरायचा?

कृष्णाकाठ_०९
विश्रामबाग, सांगली. जी प्लस थ्री, आरसीसी फ्रेम, २०० मिमी एएसी (हलके, सच्छिद्र काँक्रीट) ब्लॉक, दोन्हीकडून प्लास्टर. साधी ६ मिमी काच, खिडक्या बाहेरच्या भिंतींच्या १५ टक्के. इको निवास संहितेसाठी (घरांची ऊर्जा-बचत संहिता) रेव्हिट या सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलवरून आरईटीव्ही १२.२ येतो, ऑफिसातल्या दुसऱ्याने केलेल्या शीटमध्ये १४. मर्यादा १५, म्हणजे दोन्ही पास. पण फरक कुठून आला? ब्लॉकभिंतीचा यू (उष्णता किती सहज आरपार जाते तो आकडा) दोन्हीकडे ०.७६च आहे.

भिंतीआड
कॉलम-बीम. मॉडेलमध्ये भिंत अख्खी ब्लॉकची धरली जाते; एनर्जी मॉडेल कॉलम-बीमचा वेगळा पृष्ठभाग करत नाही. २३० मिमी आरसीसीचा यू प्लास्टरसकट २.८ च्या घरात. दर्शनी भिंतीत २० टक्के आरसीसी असेल तर सरासरी ०.८ × ०.७६ + ०.२ × २.८ = १.१७. आरईटीव्हीच्या सूत्रात उष्ण-दमट विभागाचा भिंतीचा गुणांक ५.१५; यूमधली वाढ ०.४१ × ५.१५ × भिंतीचा वाटा ०.८५, म्हणजे सुमारे १.८ ची भर पडते. तुमचा फरक नेमका तेवढाच आहे. शीट बरोबर. मॉडेलमध्ये बीमच्या पट्ट्यांना वेगळा वॉल टाइप द्या, नाहीतर शेड्यूलमधून (मॉडेलमधल्या तक्त्यातून) दिशेनुसार क्षेत्रफळं काढून सरासरी यू लावा.

कृष्णाकाठ_०९
आरसीसी १९-२० टक्केच निघालं. मॉडेलमध्ये आणखी काय तपासू?

उत्तरायण
आधी ट्रू नॉर्थ, म्हणजे खरी उत्तर. प्लॉट रस्त्याला समांतर काढून प्रोजेक्ट नॉर्थवरच (ड्रॉइंगच्या सोयीची उत्तर) एक्सपोर्ट केलं की पश्चिमेच्या खिडक्या भलत्याच दिशेला मोजल्या जातात. संहितेतला दिशागुणकांचा (कुठल्या दिशेच्या भिंतीवर किती ऊन, त्याचे आकडे) तक्ताही २३.५ अक्षांशाखालचा घ्या. सांगली १७ अंशांच्या आत आहे; मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी सूर्य उत्तरेकडून असतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा लागतो. काचेचा गुणांक ६५.२१ आहे, भिंतीच्या बारा पटींहून जास्त. तेव्हा छज्जे जीबीएक्सएमएल (एनर्जी मॉडेलची एक्सपोर्ट फाइल) व्ह्यूअरमध्ये शेड, म्हणजे नुसता सावली देणारा पृष्ठभाग, म्हणून दिसतात का, हे डोळ्यांनी बघा. उलट एखादी बाहेरची भिंतच शेड म्हणून दिसली, तर त्या खोलीची हद्द कुठेतरी उघडी आहे.
मटेरियलला थर्मल ॲसेट (वाहकता, घनता वगैरे उष्णतेची माहिती) नसेल तर तो थर हिशेबातच येत नाही. लायब्ररीतले आकडे तसेच ठेवू नका. ब्लॉकची वाहकता पुरवठादाराच्या चाचणी अहवालातून घ्या.

गच्चीवाला
छप्पर आरईटीव्हीत येत नाही, त्याची यू-मर्यादा वेगळी, १.२. १२५ मिमी स्लॅब प्लास्टरसकट ३ च्या वर, वर १०० मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केला तरी २ च्या वरच. वॉटरप्रूफिंगवर ४० मिमी एक्सपीएस (दाट फोमच्या शीट) टाकून वर काँक्रीट घातलं की ०.६ पर्यंत उतरतो. ईपीएस (साधा थर्माकोल) पाणी जास्त धरतं, गच्चीवर नको. वरच्या मजल्यावरच्या माणसांना भिंतींपेक्षा याचाच फरक कळतो, म्हणून बजेट कमी असेल तर आधी छप्पर करा.