डॅगेरोटाइपमधील चमत्कारिक गृहस्थ : ओळख कशी पटवावी?

इतवारीकर
इतवारीतील एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून तळहाताएवढ्या, चामड्याने मढवलेल्या पेटीतले एका युरोपीय गृहस्थांचे छायाचित्र मी नुकतेच घेतले. गालांवर झुबकेदार कल्ले, डोळे जवळजवळ पांढरे, मुद्रा ताठ आणि कोटाची बटणे उलट्या बाजूला. अशाच चेहऱ्यांचा संग्रह करावा, असे तेव्हापासून मनात आहे. दुकानदार त्याला डॅगेरोटाइप म्हणतात. त्याची खात्री कशी करावी, आणि कडेचा निळसर डाग पुसावा का?

महालवासी
पेटी हातात धरून हळूहळू कलती करा. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा देऊन आरशासारखा घोटलेला तांब्याचा पत्रा. त्यामुळे एका कोनातून चित्र दिसते, दुसऱ्यातून तेच निगेटिव्हसारखे, आणि मध्येच आपला स्वतःचा चेहरा. कोन बदलूनही चित्र तसेच राहिले, तर ते बहुधा काचेवरचे अँब्रोटाइप असेल. लोहचुंबक ओढला गेला, तर लोखंडी पत्र्यावरचे टिनटाइप.

धंतोलीचा वाचक
डाग कृपया पुसू नका. पाऱ्याच्या वाफेने उमटलेले ते चित्र पत्र्याच्या अगदी पृष्ठभागावर असते आणि कापसाच्या एका बोळ्यानेही कायमचे जाऊ शकते. काच आणि कडेची कागदी पट्टीही उघडू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालतो, त्या खोलीत तर पेटी मुळीच ठेवू नका. दमट हवा चांदीला घातक आहे.

आता त्या गृहस्थांविषयी. बटणे उलटी दिसतात, कारण डॅगेरोटाइपमध्ये डावे-उजवे सहसा आरशाप्रमाणे बदलते. तो पत्रा मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, म्हणून निळे डोळे फिके पडतात आणि लालसर त्वचा काळवंडते. १८३९ साली पॅरिसमध्ये ही पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. पुढे हा वेळ सेकंदांवर आला, तरी डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. तुम्हाला जो विक्षिप्तपणा वाटतो, त्यातला बराचसा पत्र्याचा आहे. कल्ले मात्र त्यांचे स्वतःचे.

इतवारीकर
दोघांचेही मनापासून आभार. खिडकीपाशी पेटी कलती केली, तेव्हा कल्ल्यांच्या जागी माझा चेहरा दिसला. मोबाइलवर चित्र काढून डावे-उजवे पालटले, तर बटणे जागेवर आली आणि गृहस्थ बरेच सौम्य दिसू लागले. संग्रहातील प्रत्येक पेटीसोबत असे पालटलेले चित्रही ठेवणार आहे.