ली-एन्फील्डवर दुर्बीण बसवताना रिसीव्हरला भोकं पाडावीत का?

आटेपाडू:
ऑन्टारिओतल्या आमच्या क्लबमधल्या मित्राकडे १९४३ ची ली-एन्फील्ड रायफल आहे, कॅनडातल्या लाँग ब्रांच कारखान्यात बनलेली, नंबर ४ मार्क १*. लाकडापासून साइटपर्यंत सगळं मूळचं. दुर्बिणीचं माउंट मी माझ्या मिलिंगवर बनवून देणार आहे. तो म्हणतो, रिसीव्हरच्या (बॅरल आणि बोल्ट धरणाऱ्या स्टीलच्या अंगाच्या) डाव्या भिंतीत भोकं पाड, आटे मार, विषय संपव. माझा याला ठाम विरोध आहे. या रायफलीत दोन जागा आयत्या मिळतात: मागच्या साइटची पिन जाते ते आरपार भोक, आणि डाव्या अंगाचा इजेक्टर स्क्रू, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर उडवणारा. साइट काढून तिथे माउंटचं मागचं टोक बसवायचं, पुढे इजेक्टरच्या जागी लांब स्क्रू घालायचा. माउंट उतरवलं की रायफल पुन्हा पहिल्यासारखी. भोक एकदा पाडलं की पाडलं.

कॅलगरीकर:
अहो, खुद्द ब्रिटिशांनीच भोकं पाडली होती की! १९४२ पासून हॉलंड अँड हॉलंडने अचूक मारणाऱ्या नंबर ४ रायफली निवडून घेतल्या आणि डाव्या अंगाला दोन पॅड स्क्रूने बसवून त्यांवर नंबर ३२ दुर्बीण चढवली. अशा वीस हजारांहून जास्त झाल्या. पिन आणि इजेक्टरवर भागलं असतं तर युद्धाच्या घाईत एवढा खटाटोप कोणी केला असता का? तो स्क्रू केवढासा! रिकामी पुंगळी उडवायला दिलाय, दुर्बीण पेलायला नाही. धक्क्यांनी ढिला होणारच. आणि लाँग ब्रांचने नऊ लाखांच्या आसपास रायफली काढल्या. एकीला चार भोकं पडली म्हणून काय बिघडलं?

आटेपाडू:
नऊ लाखांतल्या कितीतरींचं लाकूड कापून लोकांनी त्यांच्या शिकारी बंदुका केल्या. म्हणूनच मूळ रूपातली हाती आली की तिला जपायचं. आणि हॉलंडचा दाखला इथे लागू नाही. दुर्बिणीचा नंबर ते त्याच रायफलीच्या दस्त्यावर ठोकायचे, म्हणजे जोडी कायमची. आमचा मित्र उद्या दुर्बीण बदलेल, परवा साइटवर परत येईल.

ढिला होण्याचं म्हणाल, तर माउंट नीट टेकलेलं नसतं म्हणून स्क्रूवर भार येतो. त्या भिंतीवर डायल (उंचसखलपणा मोजायचं घड्याळ) फिरवून बघा, दिसते तितकी ती सपाट नाही. दुर्बीण धरणाऱ्या दोन रिंगांमधे १०० मिमी अंतर धरा. एक रिंग ०.१ मिमी सरकली तर १०० मीटरवर नेम १०० मिमी चुकतो. म्हणून मी माउंटची आतली बाजू अर्धा मिमी जास्त कापतो, रायफलीला चिकटू नये म्हणून मेण चोळतो आणि त्या फटीत स्टीलची पूड असलेलं इपॉक्सी भरतो. ते वाळलं की भार भिंत घेते, स्क्रू फक्त धरून ठेवतो.

टूलरूमवाली:
बेडिंगशी, म्हणजे फटीत इपॉक्सी भरून माउंट नीट टेकवण्याशी, सहमत. कॅलगरीकर, भोकं पाडणार असाल तर एवढं ध्यानात घ्या: त्या भिंतीच्या आत बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) सरकतो. स्क्रूचं टोक अर्धा आटा जरी आत आलं तरी बोल्ट अडेल. काही ठिकाणी वरचा थर इतका कडक असतो की ड्रिल घसरतो, आणि आटे पाडायचा बारीक टॅप आत मोडला तर तो काढताना रिसीव्हर खराब होतो. ड्रिल सरळ धरणारा साचा (जिग) नसेल तर हात लावू नका. आटेपाडू, तुम्ही ॲल्युमिनियम घेणार की स्टील?

आटेपाडू:
४१४० स्टील. वजन वाढेल, पण इजेक्टरच्या त्या छोट्या स्क्रूखाली मला मऊ धातू नको.

इशापूरवाला:
तुमचा उपाय नंबर ४ पुरताच आहे, हे लिहायला हवं होतं. माझ्याकडे इशापूरची २ए१ आहे, १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ मिमीच्या गोळीसाठी बनवलेली. तिचं अंग जुन्या मार्क ३ चं, मागची साइट बॅरलवर. पिनचं भोकच नाही! मी काय करायचं?

आटेपाडू:
बरोबर, ते राहिलंच. तुमच्या बाबतीत बॅरलवरच्या साइटच्या जागी रेल (दुर्बीण धरणारी पट्टी) आणि डोळ्यापासून लांब ठेवायची दुर्बीण. भोक तरीही नको.

कॅलगरीकर:
म्हणजे कमी ताकदीची दुर्बीण, तीही तापणाऱ्या बॅरलवर. केवळ भोक टाळायचं म्हणून रायफलीचा नेम का पणाला लावायचा? जिगमधे धरून पाडलेली स्वच्छ चार भोकं मला केव्हाही परवडतील.

तुमच्या नंबर ४ पुरतं मात्र बोलू. बेडिंग वाळल्यावर शून्य लावा (गोळी नेमावर लागेल अशी दुर्बीण जुळवा), स्क्रू न आवळता चाळीस गोळ्या झाडा, आणि मग तोच टार्गेट पेपर इथे टाका. गोळ्यांच्या छिद्रांचा गट जागेवर राहिला तर मित्राला भोकं पाडू नकोस असं मीही सांगेन.