लंडन हॉटेल क्वारंटाइन (मे 2021): पुण्याहून निघताना काय न्यावं?

आईबाबांना घेऊन निघतोय. खोलीत फक्त किटली असते म्हणे. त्यांच्या खाण्याचं काय करावं?

उत्तर 1
उपम्याचं कोरडं मिश्रण तेलातच करा, साजूक तूप नको. दूधतुपाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. बारीक रवा मंद आचेवर खमंग भाजा, फोडणीतला कढीपत्ता चुरचुरीत होऊ द्या, ओलसर राहिला तर मिश्रणाला वास येतो. पूर्ण गार झाल्यावरच पिशवी बंद करा. 1 वाटीला 2 वाट्या उकळतं पाणी, 8 मिनिटं घट्ट झाकण. किटलीत मात्र काही शिजवू नका, तळाला करपतं.

उत्तर 2
झाकणाचा स्टीलचा डबा आणि तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर हातातल्या बॅगेत ठेवा. आईबाबांची औषधंही तिथेच, चिठ्ठीसकट.

उत्तर 3
हॉटेलातले सक्तीचे दहा दिवस मोजताना गल्लत होते: उतरलात तो दिवस शून्य. कोरोनाच्या चाचण्या दुसऱ्या आणि आठव्या दिवशी. दोन्ही निगेटिव्ह आल्या तरी लवकर सोडत नाहीत. पाच दिवसांनी सुटायची सोय लाल यादीतल्या देशांना (कोरोनाचा धोका जास्त म्हणून ब्रिटनने वेगळे काढलेले, त्यात भारतही) नाही. आईबाबांना हे आधीच नीट सांगा, नाहीतर आठव्या दिवशी बॅगा भरून बसतील.