कापसाचा निकाल आणि वसुली

‘गरीब देशांनी खुल्या बाजारात उतरून स्पर्धा करावी’ असा जो मुद्दा मांडला जातो, तो कापसाला तरी लागू पडत नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देते आणि त्याने जगभरचे भाव पडतात. ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, जिंकली. तरी अनुदान पूर्ण थांबलं नाही. त्या निकालाच्या जोरावर ब्राझीलने अमेरिकी मालावर जादा शुल्काची तयारी केली तेव्हा कुठे अमेरिकेने पैसे मोजले. २०१४ च्या अखेरच्या तडजोडीत ३० कोटी डॉलर. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या गरीब देशांनी २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकुनला, याच संघटनेच्या परिषदेत, हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. पण अमेरिकेला झळ बसेल एवढी मोठी बाजारपेठच त्यांच्याकडे नाही. न्याय सर्वांना सारखा, पण वसुली मात्र ज्याने त्याने आपल्या ताकदीवर करायची, हा मला उघड अन्याय वाटतो.